ग्रुपवरची चर्चा, ग्रामसभेतला ठराव

(पडद्यावर: मोबाइलवर सरकणारे मेसेज, मागे ग्रामपंचायतीचा सूचनाफलक)

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो: शाळेपुढची गटार तुंबलीय. खाली अंगठे येतात, कुणी ‘सरपंचसाहेब, लक्ष द्या’ लिहितं. संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली तो फोटो गाडला जातो. गटार तशीच.

सरपंचाला किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या ग्रामसेवकाला, दोष देणं सोपं आहे. पण ग्रुपवरच्या मेसेजला दप्तरात जागाच नसते. किरकोळ दुरुस्ती मासिक सभेत निघते. नवी गटार बांधायची तर ती विकास आराखड्यात यावी लागते, आराखड्याला ग्रामसभेची मान्यता लागते आणि ती इतिवृत्तात नोंदली जावी लागते. त्यामुळे ग्रुप चालवायचा तो ग्रामसभेची तारीख धरून.

(पडद्यावर: कॅलेंडर. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर)

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 प्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक गावांत त्या याच चार तारखांच्या आसपास होतात. नोटीस सात दिवस आधी निघते. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तो. 400 मतदारांच्या गावात 60 माणसं पुरतात; 1200 मतदार असले तरी 100 पुरतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग मूठभर लोक बसतात आणि विषय मंजूर होतात. ग्रुपचं पहिलं काम इथं आहे: ही माणसं जमवणं.

नोटीस निघण्याच्या आठवडाभर आधी प्रश्न मागवायचे. त्याचा साचा ठरवून ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवायचा: ठिकाण, कधीपासून, अडचण कुणाची, एक फोटो. फोटोवर ठिकाण आणि तारीख छापणारं कॅमेरा ॲप वापरलेलं बरं, कारण नेहमीसारखा पाठवलेला फोटो व्हॉट्सॲपमधून जाताना त्यातली ठिकाणाची माहिती गळून जाते. पथदिवा बंद असेल तर खांबाचा नंबर लिहा. ‘आमच्या गल्लीत अंधार आहे’ यावर वायरमन काहीच करू शकत नाही.

आठवड्यानंतर दोघातिघांनी बसून सारखे प्रश्न एकत्र करायचे, कागदावर अर्ज लिहायचा, मतदारांच्या सह्या घ्यायच्या आणि तो विषयपत्रिकेत घ्यावा म्हणून कार्यालयात द्यायचा. शिक्क्यासह पोच घ्यायची. या पोचेचा फोटो ग्रुपवरच्या शंभर अंगठ्यांपेक्षा कामाचा.

(पडद्यावर: मोबाइलवर मतचाचणी)

मतचाचणी हे हाताशी असलेलं साधन, पण जपून वापरायचं. तिच्यात बारा पर्याय देता येतात. एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायची सोय आधीच चालू असते. ती बंद केली नाही तर बेरीज फसवी येते. मोठी अडचण वेगळीच. कुणी कशाला मत दिलं हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला नावासह दिसतं. सभा सकाळी घ्यावी की संध्याकाळी, हे विचारायला हरकत नाही. घरकुलाचा लाभार्थी कोण, हे मात्र तिथं कधीच विचारू नये. गावात भाऊबंदकी असते.

ग्रुप दोन हवेत. एक सूचनांचा, जिथं फक्त ॲडमिन लिहितात: पाण्याची वेळ, लसीकरण, सभेची नोटीस. दुसरा चर्चेचा. एकाच ग्रुपमध्ये दोन्ही चालवलं की पाण्याची वेळ शोधायला शंभर मेसेज मागं जावं लागतं आणि आठवड्याभरात माणसं ग्रुप म्यूट करतात. ॲडमिन किमान तीन, त्यात एक बाई आणि विरोधी गटाचा एक. नाहीतर पंधरा दिवसांत दुसरा ग्रुप निघालाच म्हणून समजा.

बायका ग्रुपवर बोलत नाहीत, अशी तक्रार असते. साध्या ग्रुपमध्ये त्यांचा नंबर शेकडो अनोळखी पुरुषांना दिसतो, हे त्यामागचं एक कारण. व्हॉट्सॲपवरच अनेक ग्रुप एकत्र बांधणारी ‘कम्युनिटी’ केली तर तिच्या सूचनांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आणि ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. तिची वेळ घरोघरी जाऊन सांगा, साधा फोन असलेल्या घरी आधी.

(पडद्यावर: काळी पाटी)

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. आज मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो अनेक हातांतून आलेला आहे असं समजायचं. नियम एकच ठेवावा: दुहेरी बाणाचा मेसेज ग्रुपवर टाकायचा नाही, टाकला तर ॲडमिननं काढायचा, वाद न घालता. सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं आहे. म्हणून हात झटकायचे, असा त्याचा अर्थ नव्हे.

(पडद्यावर: गडचिरोलीचं जंगल)

चर्चा एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे, ही रीत मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या, गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावात अभ्यासगट बसतात, विषय सगळ्या बाजूंनी उलगडतात, पण ठरवत काही नाहीत. ठरवते ती ग्रामसभा, तीही सर्वसहमतीनं. गावचा ग्रुप असा अभ्यासगट होऊ शकतो, मात्र त्यात वाचून, आकडे पाहून बोलणारी चार माणसं हवीत.

आकडे मिळतात. 2021 ते 2026 साठी पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, 40 टक्के गावाच्या गरजेसाठी मोकळा ठेवला. मंजूर आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर दिसतो: वर्ष, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा. त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका, त्याशेजारी इतिवृत्तातल्या ठरावाचा. दोन्ही जुळत नसतील तर ग्रुपवर भांडत बसू नका. पुढच्या ग्रामसभेत ‘मागील इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय सुरुवातीलाच येतो. तेव्हाच उभं राहायचं, आणि आपली हरकत नव्या इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय बसायचं नाही.