एकाच मैदानावर, २९ दिवसांत दोनदा

(दृश्य : मैदानावरचा धावफलक. घड्याळाचे आकडे उतरत चाललेले.)

घड्याळाकडे नीट बघा. ते उलटं चाललंय, पंचेचाळीस मिनिटांवरून शून्याकडे.

आयएसएल किंवा इंग्लिश प्रीमियर लीग बघणाऱ्यांच्या डोळ्यांना हे आधी खटकतं. पण अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (तिकडे त्याला सॉकर म्हणतात) वेळेचा हिशेब पंचाच्या मनगटावर नसतो, सगळ्यांसमोर फलकावर असतो. गोल झाला, कार्ड निघालं, पेनल्टी मिळाली की घड्याळ थांबतं. त्यामुळे शेवटी चार मिनिटं वाढवायची की पाच, हा वादच उरत नाही. अखेरचे १० सेकंद राहिले की ध्वनिक्षेपकावरून मोजणी सुरू होते. दहा, नऊ, आठ... शून्याच्या आत चेंडू गोलरेषेपार गेला नसेल, तर तो कितीही जवळ असो, गोल नाही.

(दृश्य : पाइनची उंच झाडं. त्यांच्या मागे प्रकाशझोतांचे खांब.)

हे केरी, नॉर्थ कॅरोलायना. रिसर्च ट्रँगल पार्कच्या कंपन्यांमुळे इथे आणि शेजारच्या मॉरिसव्हिलमध्ये भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यात मराठी घरंही पुष्कळ. मॉरिसव्हिलचं चर्च स्ट्रीट पार्क त्यांना पाठ असतं, कारण २०२३ साली मेजर लीग क्रिकेटचे सामने तिथे झाले. तिथून गाडीनं थोड्याच वेळात आपण या फुटबॉल मैदानावर पोहोचतो. २००२ मध्ये उभं राहिलेलं, सुमारे १०,००० प्रेक्षकांचं, वेकमेड सॉकर पार्क. नोव्हेंबरातल्या एका रविवारी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा, म्हणजे एसीसीचा, पुरुषांचा विजेता बहुतेक वर्षी इथे ठरतो.

कॉन्फरन्स म्हणजे काय? आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेत आधी विभागीय फेरी आणि मग अखिल भारतीय असते ना, त्यातला विभाग म्हणा. फरक एवढाच की हा विभाग सरकारनं किंवा नकाशानं आखलेला नाही, विद्यापीठांनीच एकत्र येऊन बांधलेला आहे. एसीसीची स्थापना १९५३ ची. नावात अटलांटिकचा किनारा आहे, पण २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि बर्कलीही त्यात आहेत, म्हणजे पार पॅसिफिकच्या बाजूची विद्यापीठं. उलट फ्लोरिडा स्टेट, मायामी आणि जॉर्जिया टेक ही एसीसीचीच मोठी नावं, पण त्यांच्याकडे पुरुषांचा सॉकर संघच नाही.

या विभागाचा विजेता १९८६ पर्यंत साखळीच्या गुणतक्त्यावरून ठरत असे. १९८७ पासून बाद फेरीची स्पर्धा आली. पहिल्याच वर्षी ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं जिंकली, आणि त्याच हंगामाचं राष्ट्रीय विजेतेपद मात्र क्लेम्सननं नेलं.

हे एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. २०१३ मध्ये एसीसी जिंकली मेरीलँडनं. पुढे राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्याच मेरीलँडला नोत्र दामनं २-१ असं हरवलं. नोत्र दामही एसीसीचाच संघ. २०१४ मध्ये इथे क्लेम्सन, देशात व्हर्जिनिया. २०२१ मध्ये इथे नोत्र दाम, देशात क्लेम्सन. घरात हरलेला भाऊ बाहेर जाऊन सगळ्यांना भारी पडतो, अशी ही भावकी आहे.

(दृश्य : बसमध्ये झोपलेले खेळाडू. एकाच्या मांडीवर उघडा लॅपटॉप.)

कारण राष्ट्रीय स्पर्धेत जागा ४८ आणि पहिल्या श्रेणीतले संघ दोनशेहून जास्त. लहान कॉन्फरन्सला बहुतेक वेळा एकच दार असतं. आपली स्पर्धा जिंकलात तर आत, नाहीतर हंगाम तिथेच संपला. ऑगस्टपासूनची सगळी मेहनत एका दुपारवर येते, आणि चौथ्या वर्षाच्या मुलासाठी बहुतेकदा ती कॉलेजच्या जर्सीतली शेवटची दुपार ठरते. एसीसीतल्या बड्या संघांना दुसरं दार उघडं असतं. हरले तरी वर्षभराच्या कामगिरीवर निवड समिती त्यांना बोलावते.

मग केरीतल्या त्या रविवारी ही मुलं जीव का तोडतात? याचं उत्तर २०२२ मध्ये मिळतं.

(दृश्य : फलकावर दोन नावं. सिरॅक्यूज, क्लेम्सन.)

त्या वर्षी स्पर्धा २ नोव्हेंबरला सुरू झाली. बुधवार, रविवार, बुधवार, रविवार. बारा दिवसांत चार फेऱ्या. आधीच्या फेऱ्या वरच्या मानांकनाच्या संघाच्या मैदानावर, आणि अंतिम सामना केरीत. नियमही त्याच हंगामात बदलले होते. आधी जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपायचा, तो गोल्डन गोल गेला. आता बाद फेरीत १०-१० मिनिटांचे दोन डाव पूर्ण खेळायचे आणि मग पेनल्टी. आमच्या मते हे न्याय्यच झालं. एका घसरलेल्या पायावर चार महिन्यांचा निकाल लागू नये.

१३ नोव्हेंबर. समोर क्लेम्सन, गतवर्षीचा राष्ट्रीय विजेता. आदल्या डिसेंबरात याच केरीत त्यांनी वॉशिंग्टनविरुद्ध अवघ्या २७ व्या सेकंदाला गोल केला होता. सिरॅक्यूज त्यामानानं नवखा. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातलं, बर्फासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. एसीसीत ते आले २०१३ मध्ये. पुरुषांच्या सॉकरच्या राष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपद त्यांच्या नावावर एकदाही नव्हतं. प्रशिक्षक इयन मॅकिन्टायर, मूळचे इंग्लंडचे. पुढच्या फळीत घानाचा नेथन ओपोकू, जो आधी लिंडसी विल्सन नावाच्या एका लहानशा कॉलेजातून खेळून इथवर आला होता.

सिरॅक्यूजनं सामना २-० असा जिंकला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, राष्ट्रीय स्पर्धेची यादी आली. सिरॅक्यूजला देशात तिसरं मानांकन! पहिल्या १६ मानांकितांना पहिली फेरी खेळावीच लागत नाही, आणि घरच्या मैदानाचा मान मिळतो. हे कागदावर किरकोळ वाटेल. पण सिरॅक्यूजच्या थंडीत, आपल्या वसतिगृहात झोपून, आपल्याच मेसचं जेवून, आपल्या लोकांसमोर उतरणं म्हणजे काय, ते पाहुण्या संघाला विचारा. पेन विद्यापीठाचे आले, हरून गेले. कॉर्नेल आले, हरून गेले. व्हरमाँट आले, तेही हरून गेले. तीन सामने, तिन्ही घरच्या अंगणात. रविवारी जीव तोडून खेळण्याचं फळ ते हेच.

आणि मग राष्ट्रीय अंतिम टप्पा. तो त्या वर्षी कुठे होता? केरीतच.

(दृश्य : रात्र. तेच मैदान, तेच खांब.)

उपांत्य सामन्यात क्रेटनला ३-२ असं मागे टाकून १२ डिसेंबरला सिरॅक्यूज पुन्हा त्याच गवतावर उभं होतं. मधे गेले होते २९ दिवस. समोर इंडियाना, कॉलेज सॉकरमधलं मोठं घराणं. ओपोकूनं पहिला गोल केला. इंडियानानं बरोबरी केली. सिरॅक्यूज पुन्हा पुढे गेलं आणि इंडियानानं तोही गोल फेडला, २-२. जादा वेळेचे दोन्ही डाव कोरे गेले. गोल्डन गोल नव्हता, त्यामुळे कुणाला पळवाट नव्हती.

पेनल्टी पाचावर थांबल्या नाहीत. सहावी गेली, सातवी गेली. इतका वेळ उलटं धावलेलं घड्याळ आता बंद होतं. गोलरक्षक रसेल शीलीनं इंडियानाची किक अडवली. मग सिरॅक्यूजचा ॲम्फर्नी सिंक्लेअर मध्यरेषेवरून चालत आला. मध्यरेषेपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंतचं ते अंतर धावून कुणी कापत नाही. चालतच यावं लागतं, एकट्यानं, आणि बाकीचे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून मागे उभे असतात.

त्यानं चेंडू ठेवला. चार पावलं मागे घेतली की पाच, ते आता त्याच्या सोबत्यांनाही आठवणार नाही. फलकावर आकडा उमटला, ७-६. आणि त्या मागे उभ्या असलेल्या रांगेतले सगळे हात एकदम सुटले.