दाखल रजिस्टर

लाल कापडी पाठीचं हे जाडजूड दाखल रजिस्टर. डावीकडे दाखल क्रमांक, मग लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक. ग्रंथपाल बाई नव्या पुस्तकांवर शिक्के मारतायत. एक आतल्या मुखपृष्ठावर, दुसरा वाचनालयाने ठरवून ठेवलेल्या पानावर, म्हणजे पहिलं पान फाटलं तरी पुस्तक कोणाचं ते कळावं. इथे नोंद नसेल, तर कपाटात असलेलं पुस्तकही सरकारदरबारी नसतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावातलं हे 'ड' वर्ग, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं वाचनालय. एक खोली, चार कपाटं, वर्तमानपत्रांचं टेबल.

कोकणातली वाचनालयं सरकारने काढलेली नाहीत, लोकांनी काढली. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852 चं. चिपळूणचं, आज लोकमान्य टिळकांच्या नावाने ओळखलं जाणारं वाचन मंदिर 1864 चं. खेड्यापाड्यांतली पुढे वर्गणीवर, देणग्यांवर आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी धाडलेल्या पैशांवर उभी राहिली. आजही त्यांचा कारभार बिनपगारी कार्यकारी मंडळच बघतं.

सरकारचा हात कायद्याने लागला तो 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने. कर्नाटक, तमिळनाडू, केरळ इथे ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर उपकर घेतात. आपल्या कायद्यात तो नाही. पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो, ग्रंथालय संचालनालयामार्फत. म्हणजे दरवर्षी तरतूद किती होते, याकडे डोळे लावून बसायचं.

हा पैसा मिळतो 1970 च्या नियमांप्रमाणे. जिल्हा, तालुका आणि इतर असे गट, आणि अ ते ड असे वर्ग. पुस्तकं किती, सभासद किती, वाचनालय किती तास उघडं, यावर वर्ग ठरतो आणि वर्गावर रक्कम. मान्य खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत अनुदान, तेही वर्गाच्या कमाल रकमेच्या आत. उरलेलं संस्थेने उभं करायचं.

टेबलावर पसरलेले हे कागद मार्चअखेरचे. देवघेव रजिस्टर, सभासद वर्गणीच्या पावत्या, पुस्तकांची बिलं, किर्द, सभेचं इतिवृत्त. हिशेब तपासून घ्यायचे, वार्षिक अहवाल बांधायचा आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नेऊन द्यायचा. निरीक्षक येतात ते हीच रजिस्टरं उघडतात. रोजची देवघेव लिहिली नसेल, तर माणसं येऊन वाचून गेली याला पुरावा काय? अनुदान हप्त्यांत येतं. हप्ता लांबला की पुस्तकवाल्याची उधारी मंडळातलं कोणीतरी पदरचे पैसे घालून भागवतं.

आणि हे चिपळूण. वाशिष्ठी नदीचं पाणी 2005 मध्ये वाचन मंदिरात शिरलं आणि 22 जुलै 2021 ला पुन्हा. भिजलेलं पुस्तक फुगतं, पानं एकमेकांना चिकटतात, दोन दिवसांत बुरशी धरते. पण लगदा झाला म्हणून ते उचलून टाकता येत नाही. दाखल क्रमांक शोधायचा, यादी करायची, निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून पुस्तक कमी करण्याचा, ठराव घ्यायचा. कपाटात पुन्हा काही यावं म्हणून देणगीदार असतात, वाचक असतात. कोलकात्याचं राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानही आहे. केंद्र सरकारचं, 1972 सालचं. त्याच्या समान निधी योजनेत राज्याने आपला वाटा घातला की पुस्तकं, फर्निचर, इमारत यांसाठी मदत मिळते. पूर न येताही कोकणातला पावसाळा पुस्तकांना पुरेसा वाईट असतो. कसर आणि वाळवी कुठल्या वर्गाचं वाचनालय हे बघत नाहीत.

2012 मध्ये राज्यातल्या वाचनालयांची पडताळणी झाली, त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गबदल कित्येक वर्षं बंद होते. त्या काळात गावांनी वाचनालयं उघडली, पण अनुदानाविना. 2022-23 पासून अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं. 'ड' वर्गाला वर्षाला 30,000 होते, ते 48,000 झाले. त्यातलं निम्मं वेतनाचं.

रोज वाचनालय उघडणाऱ्या या बाईंच्या वाट्याला त्या वाढीनंतर महिन्याला 2,000 रुपये आले. ग्रंथालय सेवकांची वेतनश्रेणीची मागणी फार जुनी आहे. अनुदान वाढवताना वेतन त्यातून वेगळं काढायला हवं आणि पुस्तकांचा पैसा पुस्तकांनाच राहायला हवा.