सडपातळ माणसाला शुगर कशी होते?

नमस्कार. ही बघा, शिंप्याची साधी टेप. आज ती तुम्हाला घरी लावून बघायची आहे.

माझा आतेभाऊ अडतीस वर्षांचा. अंगकाठी सडसडीत, कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही असं घरात सगळे म्हणायचे. विम्यासाठी रक्त तपासलं आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, निघालं ७.८. म्हणजे डायबेटिसच, ६.५ पासून पुढे तो धरतात. "अगं, पण मी जाड कुठंय?" मला फोनवर तो हेच विचारत राहिला.

या प्रश्नावर पुण्यातच मोठं काम झालंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतली तान्ही बाळं तपासली, तेव्हाही तेच दिसलं. इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजन बरंच कमी, तरी चरबी त्या मानानं टिकून. कमी पडतात ते स्नायू.

आणि जेवणानंतर रक्तातली साखर उचलतात ती मुख्यतः हेच स्नायू. आमचे आजोबा असंच शरीर घेऊन दिवसभर औत धरायचे, त्यांचं निभावलं. भावाचा दिवस कसा? चहा-बिस्किट, टू-व्हीलर, नऊ तास खुर्ची, रात्री साडेदहाला पोळी, बटाटा, वर भात, की लगेच आडवा. स्नायू आधीच थोडे, त्यात कामाविना पडून. मग उरलेल्या साखरेची यकृतात चरबी होते, पोटात साठते, आणि रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. त्याला आळशी म्हणू नका हं. बिचारा दिवसभर राबतोच, फक्त बसून.

आता टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. पँटच्या नंबरावर जाऊ नका, पट्टा पोटाखाली सरकलेला असतो. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. त्यापुढे गेलात तर रक्त तपासून घ्या, वजन कितीही असो. भावाचं भरलं ९४.

गोळ्या चालू आहेत. रात्रीचं जेवण आठला आलंय, ताटात आधी उसळ, आणि जेवल्यावर आत्याबरोबर सोसायटीच्या पार्किंगमध्ये वीस मिनिटं फेऱ्या. तीन महिन्यांनी ६.९.

गेल्या रविवारी धाकट्या भावालाही टेप लावली. तोही काडीसारखा, वय एकतीस. ९१ भरलं. उद्या सकाळी उपाशीपोटी त्याचं रक्त द्यायला जातोय.