गडवाट राखायची तर आधी पाणी वळवा

नमस्कार, श्रोतेहो. दिवाळी झाली की सह्याद्रीतल्या गडांवर स्वच्छता मोहिमा सुरू होतात. पोतीच्या पोती कचरा खाली येतो, हे चांगलंच आहे. पण वाट खचते, निसरडी होते, ती पाण्यामुळे. म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं आहे, की मोहिमेतली निम्मी माणसं वाटेच्या कामाला ठेवा.

परवानगी आधी. लोहगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वन विभागाकडे जावं लागतं. माणसं किती, हत्यारं कोणती, वाटेचा टप्पा कुठून कुठपर्यंत, हे अर्जात लिहा. ढासळलेल्या तटाचा घडीव दगड वाटेच्या कामाला कधीही घेऊ नका.

पाहणी मात्र पावसाळ्यातच करा. गावातला वाटाड्या सोबत घेऊन खालच्या सोप्या टप्प्यावर फिरा आणि पाणी वाटेत कुठून शिरतं त्या जागा टिपून ठेवा. पायांनी मळून वाट मधोमध खोल होते, पाणी तिथून धावतं आणि माती नेतं. मग उघड्या पडलेल्या दगडगोट्यांना टाळून लोक कडेनं चालतात, तीही कड ढासळते.

यावर उपाय म्हणजे वाटेतून आडवा चर. तो काटकोनात नको. साधारण 45 अंशांत तिरका, दरीच्या बाजूला उतरता घ्या. काटकोनातल्या चरात पाणी थबकतं, गाळ बसतो, चर बुजतो आणि पाणी पुन्हा वाटेला लागतं. चर वीतभर खोल पुरे, पण त्याचं तोंड वाटेच्या कडेपलीकडे हातभर गेलंच पाहिजे. चराच्या उताराकडच्या काठाला दगडांची सलग ओळ बसवा, प्रत्येक दगड दोन तृतीयांश जमिनीत गाडून. नुसता टेकवलेला दगड पहिल्याच गर्दीत निखळतो. निघालेली माती दगडांच्या मागे टाकून चोपा. चढ तीव्र असेल तिथे चर जवळजवळ घ्या.

सहा जणांच्या तुकडीला दोन कुदळी, दोन फावडी, एक पहार, दोन घमेली आणि एक कोयता पुरतो. कुदळ चालवणाऱ्या दोघांत किमान तीन मीटर अंतर हवं. दगड हातानं उचलण्याआधी पहारेनं कलता करून बघा. खाली फुरसं किंवा विंचू असू शकतो. आग्या मोहोळ दिसलं तर त्या बाजूला कामच काढू नका. अत्तर, धूर, आरडाओरडा तर मुळीच नको.

आडवाटा बंद करायच्या असतील तर वरच्या आणि खालच्या, दोन्ही टोकांना वाळकी काटेरी झुडपं टाका. एकच टोक बंद केलं तर दुसऱ्या टोकानं लोक शिरतात. पण त्याआधी गावात विचारा. आपल्याला आडवाट वाटते ती गुराख्याची रोजची वाट असू शकते, ती अडवायचा आपल्याला हक्क नाही.

आता कचऱ्याचं. गोणीत सात-आठ किलोच भरा, कारण उतारावर एक हात मोकळा लागतो. फुटकी काच गोणीत नको, ती पत्र्याच्या डब्यात. गडावर कचरा जाळणं तर कटाक्षानं टाळा. वाळलेलं गवत क्षणात पेटतं. सगळ्यात मोठी चूक खाली उतरल्यावर होते. गोण्या पायथ्याच्या गावात ठेवून मंडळी निघून जातात आणि गावाकडे त्या कचऱ्याची सोय नसते. बाटल्या भंगारवाला घेतो, वेफर्सची चकचकीत पाकिटं सहसा घेत नाही. ती कुठे द्यायची हे शहरातल्या कचरा संकलन केंद्राशी आधीच बोलून ठरवा आणि गोण्यांसाठी गाडीत जागा राखा.

आणि चर एकदा खणून भागत नाही. मे अखेरीस चार माणसं फावडी घेऊन पाठवा, साठलेला गाळ-पाचोळा उपसून ती अर्ध्या दिवसात परततील. ती तारीख मोहिमेच्या दिवशीच ठरवून घ्या. नमस्कार.