दहा नंबरची गल्ली

(दृश्य: सकाळ. अरुंद गल्ली, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, मधून जाणारी स्कूटर)

ही गल्ली बघा. दोन्हीकडं पाच-सहा मजली जुन्या इमारती आणि मधे एवढीशी फट, समोरासमोरच्या घरातल्या बायका खिडकीतनं एकमेकींशी गप्पा मारतात, खाली स्कूटरवाला हॉर्न न वाजवता दोन इंचावरनं निघून जातो. हे इटलीतलं नेपल्स आणि हा त्यातला स्पॅनिश मोहल्ला, सोळाव्या शतकात इथं स्पेनच्या सैनिकांची राहायची सोय केली होती म्हणून ते नाव. चढ चढत वर जायचं. डावीकडं भाजीवाला, उजवीकडं भिंतीत कोनाडा, त्यात मेरीची मूर्ती, लाल दिवा, आणि मूर्तीच्या शेजारी त्याच कोनाड्यात निळ्या जर्सीतला एक बुटका कुरळ्या केसांचा माणूस.

अजून थोडं वर. आता कॅमेरा वर करतोय.

(दृश्य: संपूर्ण भिंत, चित्र)

डिएगो मॅराडोना, अर्जेंटिनाचा फुटबॉलर, दहा नंबरची जर्सी. अख्खी भिंत भरून. हे चित्र 1990 सालचं, नापोलीनं, म्हणजे इथल्या फुटबॉल टीमनं, दुसऱ्यांदा इटलीची लीग जिंकली तेव्हा याच भागातल्या मारिओ फिलार्दी नावाच्या तरुण पोरानं काढलं. पुढं रंग उडाला, प्लास्टर गळलं, आणि बरोब्बर चेहऱ्याच्या जागी कुणीतरी खिडकी पाडली. म्हणजे कित्येक वर्षं इथं धड होतं, जर्सी होती, पाय होते, चेहरा नव्हता, चेहऱ्याच्या जागी खिडकी. तरी लोकांनी चित्र पुसू दिलं नाही. 2016 ला मोहल्ल्यातल्या साल्वातोरे योदिचे या कारागिरानं ते परत रंगवलं, पुढच्या वर्षी अर्जेंटिनाहून आलेल्या फ्रान्सिस्को बोसोलेत्ती या चित्रकारानं चेहरा नव्यानं काढला, तो खिडकीच्या झडपांवरच. आता झडपा बंद असल्या की डिएगो पूर्ण दिसतो, उघडल्या की चेहरा दुभंगतो आणि आत कुणाचं तरी घर दिसतं.

मी हा शॉट तीन दिवस घेत होतो. उघडी खिडकी, बंद खिडकी.

(दृश्य: रात्र, लाल धूर, मास्क लावलेले चेहरे)

ही दृश्यं 25 नोव्हेंबर 2020 च्या रात्रीची. त्या दिवशी तिकडं ब्युनोस आयर्सजवळ तिग्रेमधल्या एका भाड्याच्या घरात डिएगो गेला. साठ वर्षं पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. डोक्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले, हृदय थांबलं. नेपल्समधे तेव्हा कोरोनाचा कडक लॉकडाऊन, घराबाहेर पडायचं नाही असा हुकूम, आणि तरी हे बघा, माणसं उतरतायत, जिन्यावरनं, गल्ल्यांमधनं, हातात मेणबत्त्या, पोराला खांद्यावर घेतलेले बाप. घोषणा कमी आहेत. बराच वेळ नुसतं वर बघत उभे आहेत. या म्हातारबाबांना बघा, टोपी काढून हातात धरलीय.

इथं मी बोलत नाही.

(वीस सेकंद नुसता आवाज)

आता प्रश्न, जो मला घरच्यांनीच विचारला. अरे, ड्रग घेणारा माणूस, गुंडांबरोबर फोटो काढलेला माणूस, त्याच्यासाठी एवढं रडायचं काय? उत्तरासाठी थोडं मागं जायला लागतं, आणि मागं गेल्याशिवाय हे फुटेज कळणारच नाही म्हणून जरा निवांत सांगतो.

(दृश्य: जुनं फुटेज, भरलेलं स्टेडियम, मैदानावर एकटा मॅराडोना)

5 जुलै 1984. नेपल्सचं सान पाओलो स्टेडियम. मॅच नाहीये, नुसतं बघायला आलेत, सत्तर हजारांच्या वर माणूस, तेही तिकीट काढून. बार्सेलोनाकडनं नापोलीनं त्याला विकत घेतलं, तेव्हाचा जगातला सगळ्यात महागडा सौदा, आणि ही टीम आदल्या सीझनला खालच्या डिव्हिजनमधे जाता जाता कशीबशी वाचलेली. नेपल्स गरीब शहर. 1973 ला इथं कॉलरा आलेला, 1980 ला भूकंपानं हा सगळा भाग हादरला, आणि उत्तरेतल्या श्रीमंत शहरांत नापोलीची टीम खेळायला गेली की स्टँडमधनं त्याच गोष्टींवरनं ओरडायचे, कॉलरावाले, भूकंपवाले, व्हेसुव्हियसा (म्हणजे शहराशेजारचा ज्वालामुखी), यांना आगीनं धुऊन काढ. फुटबॉलच्या मैदानावर, हजारो माणसं, एका सुरात. आपल्या मेलेल्या माणसांवरनं कुणी गाणी म्हणत असेल तर कसं वाटेल विचार करा.

आणि हा पोरगा आला तो स्वतः व्हिया फियोरितोचा. ब्युनोस आयर्सच्या दक्षिणेची झोपडपट्टी, पत्र्याचं घर, बाप कारखान्यात राबणारा. तो इथं येऊन साहेब झाला नाही. इथली भाषा बोलायला लागला, इथल्यासारखा भांडायला लागला. जवळच्या आचेर्रा गावात एका आजारी पोराच्या ऑपरेशनसाठी मॅच खेळायची होती, क्लब नको म्हणाला, इन्शुरन्सचा प्रश्न होता, तर यानं स्वतःच्या खिशातनं पैसे भरले आणि चिखलाच्या मैदानावर जाऊन खेळला. ते फुटेज आहे, बघा, पार्किंगमधे गाड्यांच्या मधे वॉर्मअप करतोय, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि खेळतोय असा की जणू वर्ल्डकप.

(दृश्य: पाऊस, फ्री किक)

हा गोल मी पूर्ण दाखवणार आहे, पहिल्यापासून. 3 नोव्हेंबर 1985, समोर युव्हेंतूस, उत्तरेतली सगळ्यात मोठी टीम. पाऊस. पेनल्टी बॉक्सच्या आतच इनडायरेक्ट फ्री किक मिळालीय आणि भिंत बघा किती जवळ उभी राहिलीय, नियमाप्रमाणं नऊ मीटर पाहिजे, इथं पाच पण नसतील. बाकीचे प्लेअर रेफरीशी भांडतायत. हा भांडत नाही. त्याच्याच टीमचा पेच्ची शेजारी उभा आहे, अशा किकवर थेट गोल चालत नाही म्हणून तो बॉल नुसता हलवून देणार. आता डावा पाय बघा. पळत येत नाही, मागं झोका पण नाही, नुसतं खालनं उचलल्यासारखं, आणि बॉल भिंतीवरनं वर जातो आणि तिथंच खाली येतो, गोलकीपर ताक्कोनी हवेत, हात पोचलेला, तरी आत. एवढ्या कमी जागेत बॉल वर जाऊन परत खाली यायला जागाच नाही. मी हे शेकड्यानं वेळा बघितलंय, मला अजून कळलेलं नाही. 1-0. ती मॅच तेवढ्यावरच जिंकली.

दीड वर्षानं, 10 मे 1987, नापोली पहिल्यांदा इटलीची चॅम्पियन. शहरात युव्हेंतूस आणि मिलानच्या खोट्या अंत्ययात्रा निघाल्या, तिरड्या नव्हे, चक्क शवपेट्या, भिंतींवर मरणाच्या नोटिसा. आणि कबरस्तानाच्या भिंतीवर कुणीतरी मेलेल्यांसाठी लिहून ठेवलं, तुम्ही काय मुकलात तुम्हाला माहीत नाही. पुढं 1989 ला यूएफा कप, 1990 ला परत लीग. त्याच्या आधी दक्षिणेतल्या शहराची टीम म्हणून नेपल्सला हे कधी मिळालंच नव्हतं.

मधे 1986 चा वर्ल्डकप. इंग्लंडविरुद्ध चार मिनिटांत दोन गोल, एक हातानं, एक अर्ध्या मैदानापासून सगळ्यांना चुकवत. एक चोरी आणि एक चमत्कार, एकाच दुपारी, एकाच माणसाचे. आमच्या कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींच्या फुटबॉल टीम आहेत, आणि वर्ल्डकप आला की अर्धी पेठ अर्जेंटिना अर्धी ब्राझील, निळे-पांढरे पट्टे चौकाचौकात, ते वेड माझ्या घरात त्याच दुपारनं आणलं. माझा मोठा चुलता तो हाताचा गोल सांगताना स्वतःचा हात वर करायचा आणि हसायचा, आणि दुसरा गोल सांगताना बोलायचाच नाही, टीपॉयवर बोटानं रेघ काढत जायचा.

(दृश्य: 1990, रोम, राष्ट्रगीत)

1990 च्या वर्ल्डकपची सेमीफायनल, इटली विरुद्ध अर्जेंटिना, आणि जागा कुठली तर नेपल्स. मॅचच्या आधी डिएगो इथल्या लोकांना म्हणाला की वर्षातले 364 दिवस तुम्हाला इटालियन मानत नाहीत आणि आज एका दिवसासाठी पाठिंबा मागतात. अर्जेंटिना पेनल्टीवर जिंकली आणि इटलीनं त्याला माफ केलं नाही. फायनलला रोममधे अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीतावर अख्खं स्टेडियम शिट्ट्या मारतंय, कॅमेरा एकेका प्लेअरवरनं सरकत त्याच्यापाशी येतो, आणि त्याचे ओठ शिवी देताना स्पष्ट दिसतात. नेपल्सनं मात्र त्याचं राष्ट्रगीत ऐकून घेतलं होतं.

1991 च्या मार्चमधे डोप टेस्टमधे कोकेन सापडलं, 15 महिने बंदी, एप्रिल उजाडायच्या सुमारास रात्रीच शहर सोडून गेला. कामोरा, म्हणजे इथली माफिया, तिच्या एका घराण्याबरोबरचे फोटो, टॅक्सची भांडणं, 1994 च्या वर्ल्डकपमधनं एफेड्रिन या बंदी असलेल्या उत्तेजकासाठी हाकललं, सगळं झालं.

(दृश्य: चित्रासमोरची भिंत)

आता कॅमेरा उलटा फिरवतो. डिएगोच्या समोरच्या भिंतीवर हे दुसरं चित्र आहे, त्याच बोसोलेत्तीनं काढलेलं, झिरझिरीत कापडाआडची बाई. नेपल्समधेच सानसेव्हेरो चॅपेलमधे तशी संगमरवरी मूर्ती आहे, तिच्यावरनं. याच शहरात 1986 ला डिएगोला एक मुलगा झाला, बापानं नाकारला, कोर्टानं तो त्याचाच ठरवला, आणि जाहीरपणे जवळ घ्यायला 2016 उजाडलं, मुलगा तोवर जवळजवळ तीस वर्षांचा. बायकांशी हिंसेनं वागल्याचे आरोप झाले. तो गेल्यावर तीन दिवसांनी स्पेनमधे पाउला दापेना ही प्लेअर त्याच्यासाठीच्या मौनाला उभी राहिली नाही, पाठ करून मैदानावर बसली. तो फोटो मी इथं ठेवलाय. त्याच्यावर प्रेम असलं तरी तो काढून टाकायचा नाही असं मी ठरवलं होतं.

(दृश्य: फोंतानेल्ले, कवट्यांच्या रांगा)

आणि ही जागा. इथं शूटिंग करताना मला नेपल्स कळलं असं वाटतं. सानिता भागातलं फोंतानेल्ले, डोंगर पोखरलेल्या खाणीत हजारो कवट्या, साथीत मेलेल्या, गरीब, नाव नसलेल्या माणसांच्या. इथले लोक त्यातली एखादी कवटी आपली मानायचे. येऊन फडक्यानं पुसायची, फुलं ठेवायची, तिच्याशी बोलायचं. कॅथलिक समजुतीप्रमाणं स्वर्ग आणि नरकाच्या मधे एक जागा असते, तिथं अडकलेले हे जीव, संतही नाहीत आणि शापितही नाहीत, त्यांना खालच्या माणसांच्या प्रार्थनेची गरज असते. तुम्ही त्यांच्यासाठी मागा, ते तुमच्यासाठी मागतील. आपल्याकडं पितृपक्षात घास काढून ठेवताना आजोबा कसे होते याचा हिशेब कुणी करत नाही, ते मला इथं आठवलं. 1969 ला चर्चनं हे सगळं बंद पाडलं. पण फडक्यानं पुसायची सवय कुठं जाते? जुन्या शहरातल्या एका बारमधे डिएगोचा देव्हारा आहे, काचेत एक केस, तो विमानात त्याच्या सीटवरनं उचललेला असं सांगतात, आणि शेजारी बाटलीत 1991 चे अश्रू. लोक हसत फोटो काढतात आणि जाताना हळूच हात लावून जातात, बघा, या बाईंनी पण लावला.

(दृश्य: ब्युनोस आयर्स, कासा रोसादा, रांग)

तिकडं अर्जेंटिनात तीन दिवसांचा दुखवटा, पार्थिव राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात ठेवलेलं, बाहेर काही किलोमीटरची रांग. हे दोघं मिठी मारून रडतायत, एकाच्या अंगावर बोकाची जर्सी, दुसऱ्याच्या रिव्हर प्लेटची, ब्युनोस आयर्समधले हे दोन कट्टर वैरी क्लब, ज्यांना हे वैर माहितीय त्यांना सांगायला नको. दुपारी गोंधळ झाला, अश्रुधूर, रबरी गोळ्या. आणि हा बोकाच्या स्टेडियमचा शॉट, सगळे दिवे बंद आणि फक्त त्याची बसायची बाल्कनी पेटलेली. याच मैदानावर 2001 च्या निरोपाच्या मॅचला तो म्हणाला होता, मी चुकलो आणि त्याची किंमत मोजली, पण बॉलला डाग लागत नाही.

उपचारात हलगर्जी झाली म्हणून डॉक्टर-नर्सवर खटला भरला, 2025 च्या मार्चमधे सुरू झाला, मे मधे रद्द झाला.

(दृश्य: परत गल्ली)

नेपल्सनं डिसेंबर 2020 मधे स्टेडियमला त्याचं नाव दिलं. 2023 ला, 33 वर्षांनी, नापोली परत चॅम्पियन झाली तेव्हा लोक मैदानावर गेले तसे इथं पण आले, त्याला सांगायला.

हा शेवटचा शॉट सकाळी सातचा. चित्राच्या खालचा दुकानदार शटर वर करतो, झाडू मारतो, मग रात्रभरात लोकांनी ठेवलेल्या वस्तू एकेक उचलतो, मफलर, प्लास्टिकची फुलं, कुणाच्या तरी वडिलांचा फ्रेम केलेला फोटो, फडक्यानं पुसतो आणि परत जिथल्या तिथं ठेवतो. चार मिनिटांचा आहे. कापलेला नाही.