दोन रिंगच्या मधले चार सेकंद

ऐकलंत? एक रिंग झाली. थांबा, उचलू नका अजून.

आता जी शांतता आहे ना, तिच्यातच सगळं आहे. अमेरिकेत फोनची घंटी दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद गप्प बसते, आणि पहिल्या घंटीनंतरच्या त्या गप्प वेळात एक्स्चेंज हळूच फोन करणाऱ्याचा नंबर लाइनवर सोडून देतं, १२०० आणि २२०० हर्ट्झ अशा दोन सुरांत. यालाच कॉलर आयडी म्हणतात.

१९७८ च्या जानेवारीत शिकागोत बर्फाचं मोठं वादळ आलं, सगळे घरात अडकले, आणि त्यातच वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या दोघांनी सीबीबीएस हा पहिला डायल-अप बुलेटिन बोर्ड बनवायला घेतला, म्हणजे मोडेमने फोन लावून निरोप लिहायची-वाचायची जागा. पुढे अशी बोर्डं घराघरांत चालू झाली, एक कॉम्प्युटर, एक मोडेम, एक फोनलाइन आणि सांभाळणारा एक सिसॉप. दार चोवीस तास उघडं! कोणीही यायचं, खोटं नाव खोटा नंबर टाकायचं, हाकललं की दुसऱ्या नावाने परत हजर. मग काही सिसॉप कॉलबॅक ठेवायचे, म्हणजे बोर्डच उलट फोन लावून खात्री करणार, पण माणूस लांबचा निघाला की त्या फोनचं बिल सिसॉपच्या बोकांडी.

कॉलर आयडीने ही कटकट मिटली असती, पण बसवताना माणूस हमखास एका जागी अडकतो. एस झिरो ही मोडेमने कितव्या रिंगला उचलायचं ते सांगणारी सेटिंग, आणि मोडेमला एस झिरो बरोबर एक असं सांगून ठेवलेलं असतं, म्हणजे पहिल्याच रिंगला उचल. उचललास की संपलं, नंबर यायचाच नाही! तेव्हा एस झिरो शून्य करा, म्हणजे मोडेम आपणहून उचलणार नाही, आणि सॉफ्टवेअरला सांगा की दुसरी रिंग आली की मगच एटीए, म्हणजे फोन उचलायची कमांड, पाठव. फोन कंपनीकडून सेवा आधी चालू करून घ्यायची, तिचे पैसे वेगळे. मोडेममध्येही सोय हवी, रॉकवेल चिपवाल्या बऱ्याच मोडेमना एटी हॅश सीआयडी बरोबर एक चालतं, काहींना एटी प्लस व्हीसीआयडी लागतं, आणि ही कमांड सुरुवातीच्या स्ट्रिंगमध्येच, म्हणजे मोडेम चालू करताना पाठवायच्या कमांडच्या ओळीतच टाका कारण मोडेम रीसेट झाला की विसरून जाऊ शकतो.

आता स्क्रीन जवळून बघा. रिंग. खाली डेट, महिना आणि तारीख चिकटून चार आकडे. मग टाइम. मग एनएमबीआर आणि पुढे नंबर. मग दुसरी रिंग.

कधी नंबराच्या जागी नुसतं ओ येतं, म्हणजे नंबर इथवर पोचलाच नाही. परराज्यातल्या फोनचं तर हे नेहमीचंच होतं, १ डिसेंबर १९९५ पासून एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी दूरसंचार आयोगाचा, नियम लागू झाला तेव्हा कुठे तेही नंबर यायला लागले.

आणि कधी येतं पी. म्हणजे समोरच्याने स्टार ६७ दाबून नंबर लपवलाय. इथे मला मनापासून सांगायचंय, लपवणारा प्रत्येक जण बदमाश नसतो हो. घरच्या मारहाणीतून पळालेल्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्थांनी तेव्हाच सांगितलं होतं की नंबर उघडा पडला तर त्या बायकांच्या जिवावर बेतेल. शिवाय नंबर लाइनचा असतो, माणसाचा नाही, एकाच लाइनवर बापही असतो आणि शाळकरी पोरगाही.

म्हणून पी दिसलं तरी लाइन तोडू नका. दुसऱ्या रिंगला उचला आणि लॉगिनच्या आधी दोन ओळी दाखवा: नवीन खातं हवं असेल तर स्टार ८२ लावून, म्हणजे नंबर दिसू देऊन, परत फोन करा, नुसतं वाचायचं असेल तर या आत.