लक्झरी गाडीची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी हे मोजा

[कॅमेऱ्यासमोर, मागे बॉनेट उघडी गाडी]

राम राम मंडळी! बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, व्होल्वो, कुठलीही घ्या. चार दिवस बंगल्यात उभी राहिली आणि पाचव्या दिवशी सेल्फच लागत नाही, ही तक्रार जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून येते. लोक वीस-तीस हजारांची नवी बॅटरी टाकतात आणि दोन महिन्यांनी गाडी पुन्हा तशीच उभी. कारण गाडीतलं काहीतरी रात्रभर करंट खात होतं आणि ते कुणी शोधलंच नाही. म्हणून आधी मोजायचं, बॅटरी नंतर बदलायची.

या गाड्यांमध्ये पन्नासच्या वर लहान-मोठे कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, असू शकतात. गाडी लॉक केली की ती एकेक करून झोपतात. कुणाला पंधरा मिनिटं लागतात, कुणाला पाऊण तास, काही गाड्यांना तासभर. सगळी झोपली की गाडीने 20 ते 50 मिलिअँपिअरच करंट घ्यायला हवा.

आता हिशोब करू. बॅटरी 80 अँपिअर-तासांची. 30 मिलिअँपिअर गेला तर महिन्यात 22 अँपिअर-तास जातात आणि गाडी आरामात चालू होते. पण एकच युनिट जागं राहिलं आणि अर्धा अँपिअर गेला, तर दिवसाला 12 अँपिअर-तास. तीन दिवसांत जवळपास अर्धी बॅटरी रिकामी, पाचव्या-सहाव्या दिवशी गाडी उठत नाही.

त्यात आपलं खान्देशचं ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. उन्हाळ्यात प्लेटा खराब होतात, पण ते लगेच कळत नाही. डिसेंबरच्या थंडीत, इंजिन जड झाल्यावर, एका सकाळी बॅटरी हात टेकते. एजीएम बॅटरीला, म्हणजे जिच्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं तिला, उष्णता जास्तच बाधते. ती डिक्कीत किंवा सीटखाली बसवण्यामागे हेही एक कारण आहे.

[मल्टीमीटर हातात]

पहिली तपासणी सोपी आहे. गाडी रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी व्होल्टेज बघा. 12.7 ते 12.8 म्हणजे भरलेली. 12.4 म्हणजे चार्ज करायला हवी. 12.0 म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली गेला, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा. तरीही तेच झालं तर बॅटरी संपली.

अल्टरनेटर तपासताना जुनी सवय सोडा. इंजिन चालू असताना 14 व्होल्ट दिसलेच पाहिजेत, हा नियम या गाड्यांना लागू नाही. यांचा अल्टरनेटर गरजेप्रमाणे कमी-जास्त चार्ज करतो, त्यामुळे 12.8 दिसू शकतात आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की 15 च्या जवळही जातात. आणि कुणी म्हणालं, "चालू गाडीचं टर्मिनल काढून बघू, बंद पडते का," तर त्याचा हात धरा. टर्मिनल सुटताच व्होल्टेज एकदम उसळतं आणि एखादं युनिट जळू शकतं. त्या एका युनिटच्या पैशात तीन-चार बॅटऱ्या येतील.

[क्लोज-अप: दाराचं लॉक]

आता मुख्य काम, करंट मोजणं. डीसी करंट मोजणारा आणि 10 मिलिअँपिअरपर्यंत फरक दाखवणारा क्लॅम्प मीटर लागेल. घराच्या वायरमनकडचा क्लॅम्प बहुतेक वेळा एसीचाच असतो, तो इथे चालत नाही. टर्मिनल काढून मीटर सिरीजमध्ये, म्हणजे केबल आणि बॅटरीच्या मध्ये, लावणंही टाळा. टर्मिनल सुटलं की अडकलेलं युनिट रिसेट होतं, गळती तेवढ्यापुरती थांबते आणि "गाडीत काही दोष नाही" असं वाटतं.

डिक्की उघडी ठेवूनच काम करायचं आहे, पण गाडीला ती बंद वाटली पाहिजे. हे बघा, लॉकमधली ही चिमट्यासारखी कडी. स्क्रू ड्रायव्हरने ती आत ढकला, दोनदा टक-टक आवाज येईल. बॉनेट आणि फ्यूज बॉक्सकडचं दार यांनाही असंच करा. चावी हातात घ्या, गाडी लॉक करा आणि चावी निदान दहा मीटर लांब, घरात ठेवून या. चावी जवळ राहिली तर कीलेस सिस्टीम जागीच राहते. काम झाल्यावर दार लावण्याआधी हँडल किंवा डिक्कीचं बटण दाबून कडी मोकळी करायला विसरू नका. नाहीतर दार आपटेल आणि लॉक मोडेल.

क्लॅम्प शून्यावर आणा, बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती लावा आणि तासभर गाडीला हात लावू नका. सुरुवातीला पाच-दहा अँपिअर दिसतील. घाबरू नका, आकडा पायरीपायरीने उतरतो. शेवटी 0.05 अँपिअरच्या, म्हणजे 50 मिलिअँपिअरच्या, खाली स्थिरावला तर गळती नाही. 0.4 वर अडकला तर काहीतरी कायम चालू आहे. आणि 0.03 वर येऊन दर काही मिनिटांनी दोन-तीन अँपिअरवर उडी मारत असेल, तर कुणीतरी गाडीला सारखं उठवतंय.

[क्लोज-अप: फ्यूजच्या डोक्यावरचे दोन धातूचे ठिपके]

कोण खातंय हे शोधताना फ्यूज उपटू नका, कारण त्यानेही युनिट जागी होतात. बहुतेक फ्यूजच्या डोक्यावर हे दोन उघडे ठिपके असतात. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्हींवर टोकं टेकवा. शून्य आलं तर तिथून करंट जात नाही. 10 अँपिअरच्या लहान फ्यूजचा रोध साधारण 7 ते 8 मिलिओम असतो, म्हणजे 1 मिलिव्होल्ट दिसला की अंदाजे 130 मिलिअँपिअर जातोय. फ्यूज बॉक्स दोन-तीन ठिकाणी असतात, सगळे बघा. फ्यूज सापडला की झाकणावरच्या नकाशावरून त्यावर काय चालतं ते कळतं.

तिथे बहुतेक वेळा काय सापडतं? बाहेरून बसवलेल्या वस्तू. कायम सप्लायवर जोडलेला डॅशकॅम, ओबीडी सॉकेटमध्ये (जिथे स्कॅनर जोडतात) खोचलेला जीपीएस ट्रॅकर, वेगळा ॲम्प्लिफायर. ट्रॅकर स्वतः थोडंच खातो, पण गाडीच्या नेटवर्कवर सतत प्रश्न विचारून बाकीच्यांना झोपू देत नाही. डॅशकॅमला पार्किंग मोड, म्हणजे गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग, हवाच असेल तर तो आपोआप बंद होण्याचा कटऑफ 12.4 व्होल्टवर लावा. फास्टॅगचा मात्र काही दोष नाही, त्यात बॅटरीला जाणारी वायरच नसते. कंपनीच्या वस्तूंमध्ये दाराच्या लॉकमधला मायक्रोस्विच, ब्लोअरचा रेग्युलेटर आणि न विझणारा डिक्कीचा दिवा आधी तपासा.

काहीच सापडलं नाही तर गाडीचा वापर बघा. जळगावात रिंग रोडवरून गोलाणी मार्केट आणि परत, त्यात एसी फुल आणि दर सिग्नलला स्टार्ट-स्टॉप, म्हणजे इंजिन आपोआप बंद-चालू. एवढ्या फेरीत बॅटरी भरतच नाही. आठवड्यातून एकदा सलग पाऊण तास हायवेला चालवा. गाडी महिनाभर उभीच राहणार असेल, तर एजीएम मोड असलेला स्मार्ट चार्जर लावून ठेवा. लाईट जाऊन आली की तो आपोआप पुन्हा सुरू होतो का, हे विकत घेतानाच विचारा. त्याची काळी क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावू नका, बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा. निगेटिव्हवर सेन्सर असतो आणि त्याला वळसा घालून चार्ज केलं तर गाडीला बॅटरी भरल्याचं कळतच नाही.

धुळे-जळगाव हायवेवर गाडी बसली तर? ट्रकवाला मदतीला थांबेल, त्याचे आभार माना, पण केबल लावू नका. ट्रक 24 व्होल्टचा असतो. कार किंवा जीप चालेल. डिक्की उघडत नसेल तर बॉनेटखाली लाल टोपणाचा जम्प पॉइंट असतो. लाल तिथे, काळी अर्थला, पाच-दहा मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही. टो करावी लागली तर फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रकच, बोलवा. हायब्रीड असेल तर नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, केबलला हात लावू नका.

बॅटरी बदलायचीच ठरली तर एजीएमच्या जागी एजीएमच, तेवढ्याच अँपिअर-तासांची. बॅटरी डिक्कीत किंवा केबिनमध्ये असेल तर गॅस बाहेर नेणारी बारीक नळी परत जोडली का, ते स्वतः बघा. बीएमडब्ल्यू, ऑडीसारख्या गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते. नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते. चांगला स्कॅनर असलेला इलेक्ट्रिशियन हे काम इथेच करून देतो, त्यासाठी नाशिक किंवा संभाजीनगर गाठायची गरज नाही.

तुमच्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि झोपल्यानंतरचा करंटचा आकडा कमेंटमध्ये लिहा. उड्या मारत असेल तर किती मिनिटांनी, तेही लिहा.